दादाच्या कंबरेचं माप

दादाची कंबर मी पहिल्यांदा मोजली तेव्हा ती ब्याण्णव सेंटिमीटर भरली. आईच्या घरासमोर लिंबाखाली तो बनियनवर बाजेवर बसला होता, शेंगा फोडत. रविवार होता म्हणून गेवराईहून आला होता. मी म्हणाले, "दादा, उभा ऱ्हा बरं जरा." तो उभा राहिला. मी त्याच्या शेवटच्या बरगडीचं टोक आणि कमरेचं हाड बोटांनी चाचपलं, दोन्हींच्या मधोमध टेप धरली आणि म्हणाले, "श्वास सोड. पोट आत वढू नको."

"मी काय नवरदेव हाय का पोट आत वढायला," तो म्हणाला आणि ओढलंच. सगळे पुरुष ओढतात. मी टेप तशीच धरून थांबले. थोड्या वेळानं त्याला श्वास सोडावाच लागला, आणि आकडा ब्याण्णववर येऊन थांबला.

मी आरोग्य सेविका आहे. आमचं गाव चकलांब्याच्या अलीकडं, आणि माझं उपकेंद्र तिथून दहा-बारा किलोमीटरवर दुसऱ्या गावात. लोक मला सिस्टर म्हणतात. लसी टोचायच्या, बाळंतिणींच्या नोंदी ठेवायच्या, तापाच्या गोळ्या द्यायच्या, हे माझं नेहमीचं काम. त्यात एक नवीन काम आलं. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची कंबर मोजायची, बीपी बघायचं आणि बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर तपासायची. त्याचं प्रशिक्षण बीडला झालं. दादाला लिंबाखाली उभं केलं ते त्या प्रशिक्षणाहून आल्यावर चौथ्या दिवशी.

प्रशिक्षण देणारे डॉक्टर वयानं माझ्याहून लहान होते, पण नीट समजावून सांगायचे. त्यांनी फळ्यावर दोन तक्ते लावले. एका तक्त्यात लिहिलं होतं की उंचीच्या मानानं वजनाचा जो आकडा निघतो तो पंचवीसच्या खाली असला की माणूस ठीक. दुसऱ्यात त्याच जागी तेवीस होतं. पहिल्यात पुरुषाची कंबर शंभराच्या पुढं गेली की धोका, दुसऱ्यात नव्वदलाच.

"यातला खरा कुठला?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही खरे," तेच म्हणाले. "माणसं वेगळी आहेत. पहिला तक्ता गोऱ्या लोकांची मापं घेऊन केलेला. आपण कितीतरी वर्षं त्याच तक्त्यानं आपली माणसं मोजत आलो आणि ठीक आहे, ठीक आहे म्हणून घरी पाठवत आलो."

मग त्यांनी आमच्यातल्याच एका आरोग्य सेवकाला पुढं बोलावलं. हातापायानं तो इतका किडकिडीत होता की आम्ही त्याला वाळकं म्हणायचो. डॉक्टरांनी त्याची परवानगी घेऊन कंबर मोजली आणि ती त्र्याण्णव निघाली. सगळे हसले, तोही हसला. डॉक्टर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "याच्या उंचीचा, याच्याच वजनाचा गोरा माणूस शेजारी उभा केला तर काटा दोघांना सारखंच सांगेल. पण आपल्या माणसाच्या अंगात मांस कमी असतं अन् चरबी जास्त. ती दंडावर, मांडीवर दिसत नाही, पोटात आतड्याभोवती जाऊन बसते. म्हणून आपल्याकडं वजन वाढायच्या आधीच साखर धरते. सगळ्यांना नाही, पण पुष्कळांना."

माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी हात वर केला. त्याही माझ्यासारख्याच, बुद्धविहाराच्या गल्लीत वाढलेल्या. त्या म्हणाल्या, "सर, आपली माणसं म्हणजे कोण? वाड्यावरची माणसं अन् आमच्या वस्तीतली माणसं, दोघांना एकच आकडा का?"

डॉक्टरांनी तक्त्याकडं बघितलं. मग म्हणाले, "तक्ता तिथपर्यंत उतरत नाही, बाई. तक्त्याला आपण सगळे एकच." आणि पुढं म्हणाले, "पण एक सांगतो. आई पोटुशी असताना उपाशी राहिली असेल, मूल जन्मताना लहान असेल, तर त्याचं शरीर पोटातच साठवायला शिकून येतं असं म्हणतात. पुढं त्याला चार घास बरे मिळायला लागले की ते सगळं पोटावर जातं."

हे ऐकताना माझ्या डोळ्यासमोर दुसरं कुणी आलंच नाही. दादाच आला.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. वडील छातीत कळ येऊन गेले तेव्हा मी आठवीत होते. वडीलही अंगानं वाळलेलेच होते, त्यामुळे त्यांना काही असेल असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. त्यानंतर मला दादानंच शिकवलं. नर्सिंगच्या परीक्षेला तो मला सायकलवर डबलसीट गेवराईला घेऊन गेला होता आणि पेपर संपेपर्यंत शाळेच्या फाटकाशी उभा होता. तो स्वतः प्राथमिक शाळेत गुरुजी झाला. खो-खो शिकवायचा, मुलांबरोबर स्वतः पळायचा. हातपाय काडीसारखे, मनगट माझ्या मुठीत मावेल एवढं. नोकरी लागल्यावर चार-पाच वर्षांनी त्याला पोट सुटलं, आणि वस्तीत सगळ्यांना त्याचा आनंदच झाला. आमच्या आज्या-पणज्यात कुणाला पोट नव्हतं. पोट असायचं ते पाटलाला, नाहीतर आडत्याला. एक चुलते तर म्हणाले होते, "आता खरा मास्तर दिसाया लागला."

म्हणून त्या दुपारी मी ब्याण्णव म्हणाले तेव्हा दादानं माझ्याकडं एखाद्या विद्यार्थिनीकडं बघावं तसं बघितलं.

"ब्याण्णव म्हंजी काय?"

"म्हंजी जास्त हाय. आपल्याला नव्वदच्या आत पायजे. साखर व्हायची भीती आस्ते."

तो हसला. फांदीला अडकवलेल्या शर्टाच्या खिशातून त्यानं पाकीट काढलं आणि पाकिटातून एक चिठ्ठी. शिक्षकांसाठी तालुक्याला एक तपासणी झाली होती, तिथं एका मशीनवर उभं राहिलं की उंची आणि वजन मोजून चिठ्ठी बाहेर यायची. उंची एकशे त्रेसष्ट, वजन त्रेसष्ट, आकडा तेवीस पूर्णांक सात. खाली मोठ्या अक्षरात छापलं होतं, 'सामान्य'.

"मशीन खोटं बोलतंय का?" तो म्हणाला.

"खोटं न्हाई. पण ते दुसऱ्याच्या मापानं बोलतंय, दादा. आपलं माप निराळं हाय. आपल्याला तेवीसच्या आत—"

"कावून? आपन काय माणसं न्हाई का?"

त्यानं हे रागानं विचारलं नाही. पण आमच्या घरात हा प्रश्न साधा नव्हता. दादा आयुष्यभर एकच गोष्ट सांगत आला होता की सगळी माणसं सारखी आहेत. पाचवीच्या वर्गात तो पहिल्या दिवशी फळ्यावर हेच वाक्य लिहायचा. आणि मी त्याला सांगत होते की आपलं शरीर वेगळं आहे, आपली रेघ खाली आहे. त्याला ते कसं ऐकू आलं असेल ते मला कळत होतं. मी टेप गुंडाळली.

साखर तिथंच तपासता आली असती. मशीन माझ्या पिशवीत होतं. पण त्यात घालायच्या, रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्ट्या नव्हत्या. प्रशिक्षणाच्या आधीच संपल्या होत्या आणि मागणी पाठवून महिना झाला होता. मी म्हणाले, "पट्ट्या आल्या की तुझं रक्त बघते."

"बघ की," तो म्हणाला आणि पुन्हा शेंगा फोडायला बसला.

पट्ट्या दोन महिन्यांनी आल्या, एक डबी. गावात तीनशे माणसं तिशीच्या पुढची, आणि डबीत पन्नास पट्ट्या. ज्यांना चक्कर येत होती, ज्यांना जखमा होत्या, त्यांच्यावर त्या संपल्या. दादा तेव्हा गेवराईतच होता. मी फोनवर एकदा म्हणाले, "तिथंच कुठं तरी रक्त बघून घे." तो म्हणाला, "बघतो." मी पुन्हा विचारलं नाही. हे मी आता लिहिते आहे तेव्हा सोपं वाटतं, की पुन्हा विचारायला पाहिजे होतं. पण तो माझा दादा होता. त्याच्यापुढं मी कधी एक गोष्ट दोनदा बोलले नव्हते.

त्याच दिवसांत मी आणखी एक चूक केली. एका दुपारी आई तूर निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि सहज विचारलं, "आई, दादा झाला तवा केवढा होता गं?"

आईनं सुपावरून मान वर केली नाही. म्हणाली, "ओंजळीत मावला आस्ता. बहात्तरच्या दुष्काळात पोटात होता त्यो. आमी सडकेच्या कामावर खडी फोडाया जात व्हतो. मिलोची, त्या बाहेरून आलेल्या जवारीची भाकर मिळायची, लाल, कडू. तीबी एक. तुझ्या बापाला अर्धी, मला अर्धी. नवव्या महिन्यापतूर हातोडा धरला म्या. झाला तवा रडलाबी न्हाई. सुईण म्हन्ली, बाई, कोंबडीच्या पिलावानी हाय, ऱ्हाईल का न्हाई सांगता येत न्हाई."

"अन् राहिला," मी म्हणाले.

"ऱ्हायला. लई जपलं म्या. जिकडून तिकडून मागून आणून खाऊ घातलं. तूप, गूळ, काय मिळंल ते."

मी तिथंच थांबायला हवं होतं. पण प्रशिक्षण डोक्यात ताजं होतं आणि इतकं सगळं जुळून आल्यासारखं वाटत होतं की मी ते बोलून टाकलं. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. आई उपाशी असली की पोटातलं लेकरू साठवायला शिकतं, मोठं झाल्यावर त्याच्या पोटावर चरबी चढते, साखर लवकर होते.

आईचे हात थांबले. ती म्हणाली, "म्हंजी माझ्या पोटातच बिघडलं का त्याचं?"

"तसं न्हाई, आई."

"आताच म्हन्लीस की."

"तुझी काय चूक? दुष्काळ होता."

"दुष्काळ सगळ्यास्नी व्हता," आई म्हणाली. "लेकरू माझ्या पोटात व्हतं."

ती परत तूर निवडायला लागली.

पुढच्या रविवारी दादा आला तेव्हा आईनं त्याच्या भाकरीवर तूप घातलं नाही. चहात साखर जेमतेम. सणाला तिनं पुरणाच्या पोळ्या केल्या, पण त्याच्या ताटात एकच ठेवली आणि पातेलं आत नेऊन झाकलं. दादा चकित झाला. आधी चेष्टेत म्हणाला, "आई, म्हातारपणी हात आखडला का?" आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्याला खरंच लागलं. "आईचं माझ्यावर मन ऱ्हायलं न्हाई, पोरीला जवळ करती," असं तो बायकोला म्हणाला, आणि वहिनींनी ते मला सांगितलं. मी आईला म्हणाले, "त्याला सांग ना कावून ते."

"काय सांगू? तुला म्याच खराब केलं म्हणून सांगू?"

मग मीच म्हणाले, "राहू दे. घाल त्याला तूप." आईनं पुढच्या रविवारी भाकरीवर चमचाभर तूप ओतलं, आणि दादा खूश होऊन जेवला. मी समोर बसले होते. मला ते बघवत नव्हतं, आणि उठूनही जाता येत नव्हतं.

अशी अडीच वर्षं गेली. मधल्या काळात मी गावात कितीजणांच्या कंबरा मोजल्या त्याची नोंद वहीत आहे. बायका लुगड्याच्या निऱ्या घट्ट धरून उभ्या राहायच्या, पुरुष पोट आत ओढायचे. किडकिडीत माणसाला तुला धोका आहे म्हटलं की तो बायकोकडं बघून हसायचा. कुणाची साखर वाढलेली निघाली तर मी चिठ्ठी लिहून तालुक्याला पाठवायची. दहातले दोघं जायचे. बाकीचे म्हणायचे, ऊसतोड संपली की जाऊ, पेरणी झाली की जाऊ. पुढच्या वर्षी पुन्हा तेच लोक, तीच टेप, आकडा दोन-चारनं वाढलेला.

एप्रिलमध्ये आमच्याकडं एका चुलतभावाच्या पोरीच्या लग्नाची बोलणी होती. वहिनी आदल्या दिवशीच आल्या होत्या; दुपारी दादा बसस्टँडवरून चालत आला. मी ओसरीत होते. तो अंगणातून येताना मला दिसलं की त्याच्या उजव्या पायात चप्पल नाही.

"दादा, चप्पल कुठाय?"

त्यानं खाली बघितलं. मी त्याचा तो चेहरा अजून विसरले नाही. त्याला माहीतच नव्हतं. एप्रिलच्या उन्हात फुफाट्यातून तो एक पाय उघडा घेऊन अर्धा किलोमीटर चालत आला होता आणि त्याला काहीही जाणवलं नव्हतं. मी त्याला बसवून पाय उचलला. तळव्याला रुपयाएवढा फोड आला होता आणि फुटला होता. मी त्यावर बोट दाबलं.

"दुखतंय?"

"न्हाई," तो म्हणाला. आणि मग हळू आवाजात, "बरेच दिवस झाले, पायाला मुंग्या येतेत. मला वाटलं उभं राहून शिकवतो म्हणून."

त्या दिवशी माझ्या पिशवीत पट्ट्या होत्या. चारशे बारा साखर आली. दादा म्हणाला, "जेवून आलतो मी." मी पट्टी काढून कापसात गुंडाळली. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांना आकड्यातलं कळत नव्हतं, पण माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी पदर तोंडाला लावला.

आम्ही त्याला आधी गेवराईत दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी लघवी आणि रक्त तपासून बीडला पाठवलं. बीडला मूत्रपिंडाचे डॉक्टर होते, वयस्कर, हळू बोलणारे. त्यांनी कागद चाळले आणि विचारलं, "किती वर्षांपासून साखर आहे?"

"आत्ताच कळलं. आठ दिवस झाले," दादा म्हणाला.

"आठ दिवसांत मूत्रपिंडं जात नाहीत, गुरुजी," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी सांगितलं की हे सात-आठ वर्षांचं, कदाचित त्याहून जुनं. डोळ्यांच्या पडद्यावरही रक्त उतरलं आहे. मी मनात मागं मोजत गेले. म्हणजे लिंबाखाली मी टेप धरली तेव्हा साखर त्याच्या अंगात होतीच, चार-पाच वर्षांची. पाकिटात 'सामान्य' छापलेली चिठ्ठी होती तेव्हाही. एक पट्टी असती तर त्याच दिवशी कळलं असतं. मी हे डॉक्टरांना विचारलं, बाहेर व्हरांड्यात, एकटीनं. तेव्हा कळलं असतं तर मूत्रपिंडं वाचली असती का?

"काही वर्षं मिळाली असती," ते म्हणाले. "सांगता येत नाही. तुम्ही या खात्यातल्याच आहात ना? तुम्हाला माहीत आहे."

वर्षभरात डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोन वेळा गेवराईहून बीडला, सकाळच्या गाडीनं. वहिनी बरोबर असायच्या. चार तास मशीनला लावून परत येईपर्यंत तो इतका गळून जायचा की बसस्टँडवरून घरापर्यंत मध्ये तीन ठिकाणी बसायचा. शाळा सुटली. खरं तर शाळा त्याआधीच सुटली होती. फळ्यावर लिहिलेलं त्याचं त्यालाच वाचता येईना, मुलं चुकीची बेरीज वहीत उतरवून घ्यायची, आणि एका पालकानं तक्रार केली. दादानं ती तक्रार मान्य केली. "बरोबर हाय त्येचं," म्हणाला. "पोरांचं नुकसान कावून करायचं."

अंग उतरत गेलं. एकदा मी गेले तेव्हा तो पलंगावर बसला होता, शर्ट काढून, दंडावर डायलिसिससाठी केलेली शीर दोरासारखी फुगलेली. म्हणाला, "टेप हाय का? मोज बरं."

मला नको होतं. तो म्हणाला, "मोज." मी मोजली. एकोणऐंशी.

"आता बसलो का तुझ्या तक्त्यात?"

"बसलास."

"बरं झालं," तो म्हणाला आणि आडवा झाला. वहिनी चहा घेऊन आल्या, अर्धा कप, कारण पाणी मोजून प्यायचं होतं.

आईला बीडला कधी नेलं नाही. तिनंच यायचं नाही म्हटलं. दादा गावाकडं यायचा थांबला तेव्हा मी तिला गेवराईला घेऊन गेले. ती त्याच्या पलंगाशी बसली आणि त्याच्या पायावरून हात फिरवत राहिली. त्याला तो हात जाणवत नव्हता, हे मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. तिला आम्ही सांगितलं नाही. एकदाच ती म्हणाली, "बाबा, माझ्यामुळं झालं तुला."

दादाला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यानं माझ्याकडं बघितलं, नीट दिसत नसताना. "काय म्हनती ही?"

मग मी त्याला सगळं सांगितलं. डॉक्टरांनी प्रशिक्षणात काय सांगितलं ते, मिलोची अर्धी भाकर, तुपाचं पातेलं झाकून ठेवणं. तो ऐकून घेत राहिला. मला वाटलं होतं तो आईला जवळ घेईल, म्हणेल की असं नसतं. तो म्हणाला, "आसंलबी." मग म्हणाला, "तुझा काय इलाज व्हता, आई." हे तो मनापासून बोलला, मला खात्री आहे. पण 'आसंलबी' आधी बोलला होता, आणि आईनं तेच घरी नेलं.

मार्चमध्ये एका मंगळवारी सकाळी बीडच्या गाडीला निघायच्या वेळी वहिनी त्याला चप्पल घालत होत्या. तो भिंतीला टेकला आणि तसाच खाली सरकला. मला फोन आला तेव्हा मी एका घरी बाळाला पोलिओचे थेंब पाजत होते. थेंब पाजून झाल्यावर मी निघाले. गेवराईला पोचले तोवर सगळं संपलं होतं. वय बावन्न.

अंत्यविधी गावाकडं झाला. त्यानं शिकवलेली कितीतरी मुलं आली होती, आता मोठी झालेली. कुणी ड्रायव्हर, कुणी साखर कारखान्यात, एकजण माजलगावला वकील. त्यातल्या बऱ्याच जणांचे हातपाय बारीक होते आणि शर्ट पोटावर ताणलेले. मी नको म्हटलं तरी माझे डोळे तिथंच जात होते. तिशी-पस्तिशीची पोरं. एकाला मी म्हणालेसुद्धा, "रक्त तपासून घे रे बाबा." तो म्हणाला, "हो मॅडम, सर गेले त्याचं लई वाईट वाटलं." त्याला वाटलं मी दुःखानं बोलते आहे.

दिवस झाल्यावर वहिनींनी मला विचारलं. भांडी घासताना, माझ्याकडं न बघता. "तुमी तवा जोर केला आस्ता तर ते राहिले आस्ते का?"

मी म्हणाले, "माहीत नाही, वहिनी."

"मला वाटलं तुमी सांगाल, न्हाई म्हणून," त्या म्हणाल्या. त्यांनी तांब्या विसळून पालथा ठेवला. त्या आता पुण्याला मुलाकडं असतात. फोन येतो, पण कमी.

आई माझ्याजवळ राहते. अंगात काही राहिलेलं नाही तिच्या, चाळीस किलोसुद्धा भरणार नाही. तिला बीपी नाही, साखर नाही, गुडघे सोडले तर काही नाही. तिनंही ती अर्धी भाकर खाल्ली होती, तिची आईसुद्धा तिच्या वेळी उपाशीच असणार, पण तिला काही झालं नाही. डॉक्टरांच्या कुठल्याच तक्त्यात मला याचं उत्तर सापडलं नाही. पुष्कळांना होतं, सगळ्यांना नाही, एवढंच ते म्हणाले होते.

मागच्या महिन्यात ती दोन दिवस जेवली नाही. चक्कर येते म्हणाली. मी घाबरून मशीन काढलं. तिनं हात मागं घेतला, मग दिला. तिच्या बोटाची कातडी इतकी जाड की सुई दोनदा टोचावी लागली. आकडा आला, एकशे चार.

"किती?" तिनं विचारलं.

"एकशे चार. चांगली हाय, आई. काही झालं न्हाई तुला."

ती त्या मशीनकडं बघत राहिली. तिला आकडे वाचता येत नाहीत. मग म्हणाली, "परत बघ."

"बरोबर हाय आई, परत कावून?"

"परत बघ म्हन्ते ना. त्याला झाली, मला कशी न्हाई?"

मी दुसरी पट्टी लावली, दुसऱ्या बोटातून रक्त काढलं. एकशे एक. मी सांगितलं. तिनं बोट पदरात गुंडाळलं आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. मी ताट वाढून आणलं होतं, ते तसंच तिच्याजवळ राहिलं.